नाव दिले, आता नावाचे काम

मिरा-भाईंदरमध्ये दोन भारतरत्न गायकांची नावे दोन सार्वजनिक वास्तूंना दिलेली आहेत. दहिसर चेकनाक्याजवळच्या नाट्यगृहाला गानसम्राज्ञी लता मंगेशकर यांचे, आणि भाईंदर पश्चिमेला टेंभा येथल्या सरकारी रुग्णालयाला पंडित भीमसेन जोशी यांचे. गायिकेच्या नावाचे नाट्यगृह बऱ्याच शहरांत सापडेल. त्याच शहरात गायकाच्या नावाचे सरकारी रुग्णालयही असावे, हा योग मात्र क्वचितच जुळून येतो. हा योग दोन फलकांपुरता राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिणे.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या आणि त्याच वर्षी हे नाट्यगृह सुरू झाले. तोवर चांगले नाटक पाहायचे तर मिरा-भाईंदरकरांनी बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर गाठायचे, नाहीतर घोडबंदरचा घाट ओलांडून ठाण्याला जायचे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला स्वतःचा रंगमंच मिळायला इतका काळ लागला. म्हणून तो मिळाल्याचा आनंद खरा होता आणि त्याला दीदींचे नाव देण्यातही औचित्य होते. पण नाव दिले की ज्याचे नाव घेतले त्याची रीतही थोडीफार अंगी बाणवावी लागते. दीदींनी आपल्याला मिळालेल्या मानसन्मानांचे काय केले आणि दुसऱ्याचे नाव पुढे चालवायची वेळ त्यांच्यावर आली तेव्हा काय केले, हे यासाठी पाहायला हवे.

सन्मानांची यादी मोठी आहे आणि बहुतेकांना ती पाठ आहे. १९६९ साली पद्मभूषण, १९८९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९९७ साली महाराष्ट्र भूषण, १९९९ साली पद्मविभूषण आणि २००१ साली, उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर, भारतरत्न. ‘परिचय’, ‘कोरा कागज’ आणि ‘लेकिन’ या चित्रपटांसाठी तीन राष्ट्रीय पुरस्कार. त्यांतला तिसरा साठी ओलांडल्यावर मिळालेला. फ्रान्सने ‘लीजन ऑफ ऑनर’ दिला. त्या हयात असतानाच मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी त्यांच्या नावाने पुरस्कार देणे सुरू केले. स्वतःच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्याच्या हाती जाताना पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

या यादीच्या आधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९४९ साली ‘महल’ आला आणि त्यातले त्यांचे गाणे देशभर वाजू लागले, तेव्हा त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणारी कोण हे सांगण्याची गरजच त्या काळच्या रिवाजाला वाटत नव्हती. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरे नाव बाहेर आले. वयाच्या तेराव्या वर्षी वडील गमावलेली, धाकट्या चार भावंडांचा भार खांद्यावर घेऊन मास्टर विनायकांच्या कंपनीत तोंडाला रंग लावून उभी राहिलेली मुलगी एव्हाना विशीची झाली होती. आवाज साऱ्या देशाला ठाऊक होता. नावाची मात्र मुद्रिकेवर नोंद नव्हती.

नाव न छापले जाणे म्हणजे काय, हे ज्या बाईने सोसले तिने पुढे नावाला फार गांभीर्याने घेतले, आणि एकट्या स्वतःच्या नावाला नव्हे. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना ‘फिल्मफेअर’ मिळाले, तेव्हा त्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला. गायकांना पारितोषिकच नसेल तर गायकाने तिथे का गावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९५९ पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी, ‘मधुमती’साठी, ते त्यांच्याकडे आले. चार वेळा ते मिळाल्यावर त्यांनीच सांगितले की आता माझा विचार करू नका, नव्या गळ्यांना वाव द्या. भांडून मिळवलेला मान पुढे दुसऱ्यांसाठी मोकळा करून देणे सोपे नसते.

मानधनाच्या बाबतीतही त्यांचे हेच धोरण. गाणे विकले जाते तोवर गायकालाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे, हा आग्रह त्यांनी साठच्या दशकात धरला. तो धरताना मोहम्मद रफींसारख्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी मतभेद झाले, आणि काही वर्षे या दोघांची द्वंद्वगीते बंद राहिली. रफीसाहेबांचे म्हणणेही प्रामाणिक होते: गाण्याचे पैसे मिळाले, व्यवहार संपला. पण उतारवयात काम बंद झालेल्या गायकाच्या घराचा विचार केला तर दीदींची बाजू अधिक दूरदृष्टीची होती. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गायकांच्या स्वामित्वधनाचा हक्क मान्य केला आणि पुढच्याच वर्षी गायकांची हक्क संघटना उभी राहिली, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या दीदी तिच्या संस्थापकांत होत्या. अर्ध्या शतकापूर्वी मांडलेली मागणी त्यांनी सोडलेली नव्हती.

राज्यसभेतल्या त्यांच्या सहा वर्षांबद्दल मात्र कौतुकाने बोलता येत नाही. १९९९ ते २००५ या काळात नामनियुक्त सदस्य म्हणून त्यांची उपस्थिती नगण्य होती. त्यावर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्त होती. वेतन आणि दिल्लीतला बंगला त्यांनी घेतला नाही, हेही त्याच वेळी नोंदवले पाहिजे. मोठ्या माणसाचे स्मरण करताना उणे बाजू वगळली तर ते स्मरण राहत नाही, आरती होते.

आता दातृत्वाचे. दीदींनी वैयक्तिक देणग्या दिल्याच. करोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, मुख्यमंत्री साहाय्यता निधीला त्यांनी २५ लाख रुपये दिले. पण त्यांच्या देण्याची खरी तऱ्हा वेगळी होती. त्या गळा देत आणि त्यातून दुसऱ्याच्या पदरात पैसा पडे. मार्च १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, तो नेहरू स्मारक निधीच्या मदतीसाठी होता. परदेशातल्या मोठ्या रंगमंचावर पाऊल टाकतानाही निमित्त निधीचेच.

१९८३ ची हकिकत तर सविस्तर सांगावी अशी आहे. कपिल देवच्या संघाने २५ जूनला लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. देश नाचत होता आणि क्रिकेट मंडळाची तिजोरी रिकामी होती. खेळाडूंना बक्षीस द्यायचे कशातून? मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. माजी क्रिकेटपटू राजसिंह डुंगरपूर यांनी दीदींकडे शब्द टाकला. त्या दिल्लीला गेल्या आणि एक पैसाही न घेता गायल्या. त्या एका कार्यक्रमातून २० लाख रुपये उभे राहिले आणि संघातल्या प्रत्येकाच्या हाती एक लाख पडले. आज ज्या मंडळाच्या श्रीमंतीचे आकडे ऐकून डोळे विस्फारतात, त्याच्या विश्वविजेत्यांचे पहिले मोठे बक्षीस एका गायिकेच्या गळ्यातून आले होते. मंडळाने त्याची जाण ठेवली. देशातल्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याला दीदींसाठी दोन जागा राखून ठेवण्याची पद्धत पडली.

या साऱ्यात सर्वांत मोठे काम पुण्याचे. दीदींचे वडील मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. ज्यांच्या गळ्यावर आणि ‘बळवंत’ नाटक मंडळीवर एके काळी महाराष्ट्र फिदा होता, ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी विपन्नावस्थेत गेले. मुलीकडे पैसा आणि कीर्ती आल्यावर वडिलांचा पुतळा उभारणे तिला सहज जमले असते. त्याऐवजी मंगेशकर कुटुंबाने १९८९ मध्ये लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशन स्थापन केले. २००१ साली एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालय सुरू झाले. वडील ज्या शहरात गेले त्याच शहरात त्यांच्या नावाने माणसे बरी होऊन घरी जावीत, यापेक्षा अधिक नेमके पितृस्मरण सुचणे कठीण आहे.

आणि याच ठिकाणी सावधही झाले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर या रुग्णालयाविरुद्ध राज्यभर संताप उसळला. दाखल करून घेण्यापूर्वी दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला होता. चौकश्या झाल्या, निदर्शने झाली, आणि आपत्कालीन रुग्णांकडून यापुढे अनामत रक्कम घेणार नाही असे व्यवस्थापनाला जाहीर करावे लागले. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेचा दोन टक्के वाटा निर्धन रुग्ण निधीत टाकावा लागतो. हे नियम सर्वच धर्मादाय रुग्णालयांना आहेत आणि तक्रारीही अनेकांविरुद्ध होतात. तरी इथला राग अधिक तीव्र होता, कारण फलकावर दीनानाथांचे नाव होते आणि संस्थेवर लतादीदींचे. त्या नावाकडून लोकांनी अधिक अपेक्षा ठेवली होती आणि ती अपेक्षा चुकीची नव्हती. पुण्याचे रुग्णालय उभारणे हे दीदींचे पुण्यकर्म खरे. पण उभारणाऱ्याचे पुण्य चालवणाऱ्याला आयते मिळत नाही. ते रोज, प्रत्येक रुग्णागणिक, नव्याने कमवावे लागते.

दुसरे नाव पंडितजींचे. भीमसेन जोशींना २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले. त्यापूर्वी पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण असे तिन्ही टप्पे त्यांनी पार केलेले होते. त्यांचे गुरू सवाई गंधर्व १९५२ साली गेले. पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात गुरूंच्या नावाने संगीत महोत्सव सुरू केला आणि पुढची कित्येक दशके तो खांद्यावर वाहिला. आपण मोठे झालो म्हणून त्यांनी महोत्सव दुसऱ्यांवर सोपवला नाही. कलावंतांना निमंत्रण देण्यापासून त्यांची बडदास्त ठेवण्यापर्यंत त्यांचे लक्ष असे. महाराष्ट्रातल्या किती तरी तरुण गायक-वादकांचे नाव या एका मांडवातून देशाला कळले.

म्हणजे एकीने वडिलांच्या नावाने रुग्णालय चालते केले, दुसऱ्याने गुरूच्या नावाने महोत्सव. दोघांनीही ज्याचे ऋण मानले त्याच्या नावावर काम उभे केले, आणि ते काम त्यांच्या पश्चात चालू आहे. १९८५ साली श्रीनिवास खळे यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ‘राम श्याम गुणगान’ या भजनसंग्रहात हे दोघे एकत्र गायले होते. मिरा-भाईंदरने, बहुधा ठरवून नव्हे, या दोघांना पुन्हा एका ठिकाणी आणले आहे.

दीदी गेल्यावर स्मारकाची चर्चा लगेच सुरू झाली. शिवाजी पार्कवर स्मारक व्हावे अशी मागणी पुढे आली, तिला विरोध झाला, आणि राजकीय पक्ष एकमेकांवर तुटून पडले. तेव्हा दीदींचे धाकटे बंधू पंडित हृदयनाथ मंगेशकर यांनी हा वाद थांबवा असे स्पष्ट सांगितले. शिवाजी पार्कवर स्मारक व्हावे अशी कुटुंबाची इच्छा नव्हती. संगीताचे शिक्षण देणारी संस्था उभी राहावी, हेच दीदींचे स्मारक, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, दीदींच्या जन्मदिनी, अयोध्येत त्यांच्या नावाच्या चौकात चाळीस फुटी वीणा उभी राहिली. वीणा देखणी आहे. पण रुग्णालय काढणाऱ्या आणि संगीतशाळा मागणाऱ्या घराची रीत वेगळी आहे, आणि ज्या शहराने नाट्यगृहाला नाव दिले त्याने ती रीत उचलावी.

ती कशी उचलायची? पहिली गोष्ट, नाट्यगृह हे नाट्यगृहच राहिले पाहिजे. सभा, मेळावे, सत्कार, कंपन्यांचे वार्षिक सोहळे यांना भाडे परवडते; नाटकवाल्याला, बालनाट्य करणाऱ्या संस्थेला, शास्त्रीय गाण्याची मैफल घेणाऱ्या मंडळाला ते परवडत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा एकदा सभासमारंभांकडे गेल्या की निर्माता तिकडे फिरकत नाही. प्रेक्षकाची सवय मोडते, आणि मग नाटकांना प्रतिसाद नाही असा शेरा मारून उरलेल्या तारखाही वाटल्या जातात. अनेक शहरांतल्या पालिकेच्या नाट्यगृहांची वाट अशीच लागली. मिरा-भाईंदरने आरंभापासून काळजी घ्यावी. मराठी नाटक, बालनाट्य आणि संगीत यांसाठी शनिवार-रविवारच्या तारखांचा ठरावीक हिस्सा राखून ठेवावा आणि भाड्यात ठळक सवलत द्यावी. तारखांचे वाटप कुणाला आणि कशासाठी झाले, हे दर तिमाहीला जाहीर करावे. स्थानिक हौशी संस्थांना, उत्तन-मुर्धा-राईच्या भजनी मंडळांना, महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून निदान काही दिवस हा रंगमंच नाममात्र भाड्याने मिळावा. दीदींच्या नावाच्या रंगमंचावर महापालिकेच्या शाळेतली मुलगी एकदाही उभी राहिली नाही, तर ते नाव पुसले तरी चालेल.

शहरातल्या भाषेच्या प्रश्नाशीही याचा संबंध आहे. जुलै २०२५ मध्ये मराठीच्या मुद्द्यावर इथे मोठा मोर्चा निघाला. महाराष्ट्रातल्या शहरात मराठीला मान मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. पण मोर्चाने हक्क सांगता येतो, गोडी लावता येत नाही. गोडी लागते ती कानाला. ज्या शहरात आगरी-कोळी आणि उत्तनच्या ख्रिस्ती वस्तीशेजारी गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय कुटुंबे राहतात, तिथे लता हे नाव कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दीदींचे वडील गोव्यातल्या मंगेशीचे, आई खानदेशातल्या थाळनेरच्या गुजराती घरातली, जन्म इंदूरचा, आणि वाढ सांगली-कोल्हापूरकडची. हे घर पक्के मराठी होते आणि सगळ्या देशाचे होते. भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीत देणाऱ्या दीदी आणि साऱ्या देशाला आपल्या वाटणाऱ्या दीदी एकच. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात चांगले मराठी गाणे आणि चांगले मराठी नाटक सातत्याने होत राहिले, तर शेजारच्या इमारतीतला गुजराती प्रेक्षकही तिकीट काढून आत येईल. मराठीचा तो विजय टिकाऊ असेल.

दुसरी गोष्ट, आणि या लिहिण्याचा मुख्य मुद्दा: या दोन वास्तू एकमेकींना जोडाव्यात. लतादीदींच्या नावाच्या नाट्यगृहात वर्षातून एकदा मदतीची मैफल व्हावी आणि तिचे सारे उत्पन्न भीमसेनजींच्या नावाच्या रुग्णालयातल्या गरीब रुग्णांसाठी जावे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट-गायक टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. तो ‘संयुक्त मानापमान’ मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजून मानाने सांगितला जातो. दक्षिणेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी आयुष्यभर मैफलींचे उत्पन्न सार्वजनिक कामांना दिले, आणि १९७४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना लोकसेवेसाठी मिळाला. भारतरत्नही गायकांत सर्वांत आधी, १९९८ साली, त्यांनाच मिळाले. गाण्याने निधी उभारणे ही आपल्याकडे जुनी, सन्मानाची वाट आहे. ती बुजू द्यायची नसेल तर तिच्यावरून चालत राहावे लागेल.

सरकारी रुग्णालयाला निधी कशाला, असे कुणी विचारील. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हे खरे. पण गरीब घराचा खर्च केसपेपरवर संपत नाही. उत्तनच्या टोकावरून किंवा काशिमिऱ्याच्या पाड्यावरून रात्री रिक्षा करून यायचे असते. जी तपासणी इथे होत नाही ती बाहेर करायची असते. मोठ्या रुग्णालयात पाठवले तर मुंबईला जायचे, तिथे सोबत थांबायचे, थांबलेल्याने काहीतरी खायचे, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची. खाट फुकट मिळूनही याच कारणांनी माणसे उपचार अर्धवट सोडून घरी जातात. अशा वेळी हाताशी दोन-चार हजार रुपये असतील तर रुग्णालयातला माणूस त्या घराला धरून ठेवू शकतो. सरकारी रुग्णालयांत यासाठी रुग्ण कल्याण समितीची व्यवस्था आहे. तिच्याकडे हा निधी स्वतंत्र हिशेबाने ठेवता येईल. कुणाला किती द्यायचे, हे रुग्णाची स्थिती रोज पाहणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या सल्ल्याने ठरावे. शिफारसपत्र आणणाऱ्याच्या वजनाने ते ठरू नये.

अशा उपक्रमांना कीड कुठून लागते, तेही सर्वांना माहीत आहे. मदतीच्या कार्यक्रमाचा निम्मा पैसा मांडव, रोषणाई, फलक आणि जेवणावळीत जातो. संध्याकाळ पाहुण्यांच्या भाषणांत आणि शाली-श्रीफळांत जाते. नंतर हिशेब विचारला की कुणी बोलत नाही. म्हणून नियम आधी ठरावेत. नाट्यगृह पालिकेने त्या दिवशी विनाभाडे द्यावे. ध्वनी, प्रकाश, प्रवास यांचा खर्च शहरातल्या उद्योजकांनी वेगळा उचलावा. तिकिटाच्या पैशाला त्यासाठी हात लागू नये. निःशुल्क प्रवेशिका एकही नसावी, नगरसेवकालाही नाही आणि आमदारालाही नाही. ज्याला यायचे त्याने तिकीट काढावे. भाषणे नकोत, कार्यक्रम पडदा उघडल्यावर सुरू व्हावा आणि गाणे संपल्यावर संपावा. महिन्याच्या आत जमा-खर्च नाट्यगृहाच्या दर्शनी भागात लावावा आणि गेल्या वर्षीच्या निधीतून किती रुग्णांना कोणत्या कामासाठी मदत झाली, हे नावे न देता त्याशेजारी लिहावे.

गाणारे मिळतील का, ही शंका मनात आणायचे कारण नाही. दीदींच्या आणि पंडितजींच्या नावाने बोलावणे गेले तर त्यांच्या गाण्यावर वाढलेले कलावंत येतील. १९८३ साली विश्वविजेत्या संघासाठी विनामोबदला गाणाऱ्या दीदींची आठवण दिली तर बिदागीचा प्रश्न सहसा निघणार नाही. दरवर्षी एखादा नामवंत आणि त्याच्या आधी शहरातलाच एक तरुण गायक किंवा वादक, अशी जोड ठेवली तर स्थानिक विद्यार्थ्यांनाही ओढ लागेल. पहिल्या वर्षी रक्कम फार मोठी जमणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवही पहिल्याच वर्षी आजच्याएवढा नव्हता. सातत्य राहिले तर तारीख लोकांच्या डोक्यात बसते आणि मग लोकच विचारतात, यंदा कोण गाणार?

तारीखही शोधत बसायला नको. भीमसेनजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा आणि दीदींचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ चे. एकाची जयंती आणि दुसरीची पुण्यतिथी यांच्यात एकच दिवस मोकळा आहे, ५ फेब्रुवारी. महानगरपालिकेने पुढच्या ५ फेब्रुवारीची संध्याकाळ या मैफलीसाठी आजच राखून ठेवावी आणि तसा ठराव करून ती दरवर्षीसाठी नक्की करावी. नागरिकांनी आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीकडे त्याचा पाठपुरावा करावा, आणि तिकीटविक्री सुरू झाली की पहिल्या दिवशी तिकीट काढावे.